पाच बाळंतपणांचा भरवसा

दिव्यासाठी गाऱ्हाणं घालायचं ठरलं, ते दिव्याला सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली, तर हॉलमधला सोफा भिंतीला सरकवलेला, देव्हाऱ्यासमोर पाट, पाटावर तांदूळ आणि तांदळावर विडा. मोठा दीर हरिश्चंद्र स्टुलावर चढून पंखा पुसत होता. हरिश्चंद्र मीरा रोडला स्वतःच्या घरी कधी पंखा पुसत नसे. तो भाईंदरला आईवडिलांकडे येऊन पंखा पुसायला लागला, की गावाकडच्या देवाचं काहीतरी आहे असं समजायचं.

"काय आहे आज?" तिने नवऱ्याला विचारलं.

निकेत घरातलं शेंडेफळ. दाढीचा फेस पुसत तो आरशातूनच म्हणाला, "बाबा गाऱ्हाणं घालतायत. आई वाघजाईला."

"कशासाठी?"

"असंच. सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी असतं तर तू माझ्याकडे बघून बोलला असतास."

निकेतने पुसलेल्या गालावर परत फेस लावला.

तेवढ्यात बेल वाजली आणि आशा आत आली. आशा म्हणजे महिपतराव आणि गिरिजाबाईंची थोरली लेक. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात हार, खांद्याला पर्स, आणि तोंड बेल वाजवायच्या आधीपासूनच चालू. "जिन्यात किती अंधार आहे गं! सेक्रेटरीला सांगा की. आमच्या सोसायटीत असलं चालत नाही. दिव्या, केस बांध. गाऱ्हाण्याला मोकळे केस नकोत. आणि त्या कोपऱ्यात नको, बाबांच्या समोर उभी राहा. तुझ्यासाठीच आहे."

"मला आत्ता कळलं," दिव्या म्हणाली.

"चांगल्या कामाला विचारायचं काय असतं?"

हे चांगलं काम निघालं होतं आशाच्या महिला मंडळातून. मीरा रोडच्या त्या मंडळाची आशा चिटणीस. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाने एक डॉक्टरीण बोलावली होती, बायकांना होणाऱ्या छातीच्या कॅन्सरवर बोलायला. डॉक्टरीण चांगली बोलत होती. ती म्हणाली, ज्यांना मूल झालेलं नाही किंवा पहिलं मूल फार उशिरा झालं, त्यांना या आजाराचा धोका थोडा जास्त असतो. ज्यांना लवकर मुलं होतात, जास्त होतात, ज्या अंगावर पाजतात, त्यांना तो थोडा कमी. इथपर्यंत आशाने अगदी मान डोलावून ऐकलं. मग खाली समोसेवाला आला. गेल्या वर्षी समोसे कमी पडून बायकांत रुसवेफुगवे झाले होते, म्हणून आशा स्वतः उतरली. ती वर आली तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

अशा रीतीने आशाने अर्धं भाषण ऐकलं, आणि माहेरी येऊन पूर्ण भाषण दिलं. त्यात 'थोडा' हा शब्द वाटेत कुठेतरी गळला.

भाषणानंतर घरातल्या बायकांचा निकालच लागला. गिरिजाबाई पहिल्या आल्या. पाच बाळंतपणं, पहिलं एकोणिसाव्या वर्षी, पाचही अंगावर वाढलेली. आशा दुसरी. तिला तीन मुलं, पहिलं बाविसाव्या वर्षी. हरिश्चंद्राची बायको रसिका हिला दोन, पण पहिला मुलगा तेहतिसाव्या वर्षी.

"म्हणजे मी कुठे?" रसिकाने विचारलं होतं.

"तू काठावर पास," आशा म्हणाली होती.

तिथेच आशाने एक माणूस गमावलं. रसिकाचं आणि दिव्याचं तोवर विशेष सख्य नव्हतं. दिवाळीचा फराळ कोणी किती केला, यावरून जावाजावांत असतं तेवढं होतं. पण काठावर पास आणि नापास यांची गट्टी लवकर जमते. त्या दिवसापासून रसिका दिव्याला रोज सकाळी फोन करू लागली.

दिव्या पस्तीस वर्षांची, लग्नाला सात वर्षं झालेली, आणि मूल नव्हतं. ती गोरेगावला एका ऑफिसात हिशेबाचं काम करायची. आशाच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायला ती शिकली होती, पण हे भाषण तिला जाता येता आठवायचं. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते, आणि तिसऱ्या महिन्यात पडलं होतं. निकेतशिवाय हे कोणाला माहीत नव्हतं. तिच्या मनात यायचं, ते कुठे धरायचं? झालेल्यात की न झालेल्यात? आणि त्याने काही बिघडलं तर नसेल? हे विचारायचं कोणाला, ते कळत नव्हतं.

गिरिजाबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. वड्यांचं पीठ मळून झालं होतं, काळ्या वाटाण्याचं सांबारं शिजत होतं. पहिला नंबर आल्यापासून त्यांची चालच बदलली होती.

"अहो, चला. हरीला भूक लागायच्या आत उरकून घ्या."

महिपतराव खिडकीपाशी धोतर नीट करत उभे होते. वय चौऱ्याहत्तर. सारा जन्म भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश करण्यात गेला. पण गावी त्यांचे वडील देवीचे मानकरी, त्यामुळे मुंबईकडच्या त्यांच्या वाडीतल्या लोकांत गाऱ्हाणं घालावं तर महिपतरावांनीच. कोणाचा मुलगा नोकरीला लागू दे, कोणाची खोली बिल्डरकडून सुटू दे, लोक त्यांना नेत असत. बोलायला ते एरवी कमी. देवीपुढे मात्र आवाज असा लागायचा की खालच्या मजल्यावरचे टीव्ही बंद करायचे.

आज मात्र ते धोतर काही केल्या नीट होत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी गिरिजाबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं होतं. खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळस होती. "तिच्यावर हात ठेवा," त्या म्हणाल्या. "मी सांगते ते कुठल्याही माणसाला सांगणार नाही असं म्हणा." महिपतरावांनी आधी हात ठेवला आणि मग काय ते विचारलं, ही चूक झाली. गिरिजाबाईंच्या डाव्या छातीत गाठ हाताला लागत होती. करवंदाएवढी. दुखत नव्हती.

"डॉक्टरला दाखवू या," महिपतराव म्हणाले.

"काही नको. दूध साठलं असेल."

"अगो, निकेत छत्तीस वर्षांचा झाला. दूध कुठून साठेल?"

"मग वाताची असेल. पाच बाळंतपणं झालेल्या बाईला काही होत नाही."

तेव्हा निदान त्या अधूनमधून गाठ चाचपून बघायच्या. आशाचं भाषण झाल्यावर तेही थांबलं. "ऐकलंत?" त्या रात्री त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणच म्हणाली. आता परत विषय काढायचा नाही." महिपतरावांनी विषय काढला नाही. पण जेवण कमी झालं. आशाला वाटलं बाबांना दात त्रास देतात. निकेतने कवळीवाल्याची चौकशी केली.

त्यांनी नारळ दोन्ही हातांत घेतला. सगळे उभे राहिले. शेजारच्या जयाबेनही आल्या. जयाबेन गुजराती. या घरात घंटा वाजली की त्या येत. मराठी त्यांना चांगलं येई, पण गाऱ्हाणं त्या आरतीसारखं ऐकत. अर्थ लावायचा नाही, जोरात साथ द्यायची.

महिपतरावांनी डोळे मिटले.

"हे आई वाघजाई! बारा वाड्यांच्या, बारा वहिवाटींच्या आई!"

"होय महाराजा!" सगळे म्हणाले.

"तुझं हे लेकरू महिपत, मुलखापासून लांब, भाईंदरात, चौथ्या मजल्यावर तुझ्यापुढे उभं आहे!"

"होय महाराजा!"

"धाकटा निकेत, त्याची अस्तुरी दिव्या, यांच्या संसारात जे काय आडवं येत असेल, ते तू बाजूला कर!"

"होय महाराजा!" यात आशाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. तिने भावजयीकडे पाहिलं. दिव्या बाबांच्या हातातल्या नारळाकडे बघत गप्प उभी होती.

"मूल व्हायचं असेल तर तिच्या मनाने होऊ दे, नसेल व्हायचं तर तिला सुखाने राहू दे!"

"होय म..." आशा मध्येच थांबली. असं ठरलं नव्हतं. पण बाकीचे म्हणून मोकळे झाले होते, आणि रसिका तर जरा जास्तच जोरात म्हणाली.

महिपतरावांनी नारळ कपाळाला लावला. आता इथे फोडायचा असतो. हरिश्चंद्र परात घेऊन पुढे झाला. पण महिपतरावांनी डोळे उघडले नाहीत.

"आणि आई, गाऱ्हाण्यात अर्धं सांगायचं नसतं, म्हणून उरलेलं सांगतो. या घरची गिरिजा, तिच्या डाव्या छातीत गाठ आली आहे!"

"होय महाराजा!"

"दिवाळीपासून ती लपवून बसली आहे!"

"होय महाराजा!" पण हे म्हणता म्हणता तोंडं उघडीच राहिली.

"माणसाला सांगायचं नाही, अशी माझ्याकडून तुळशीवर शपथ घेतली आहे. तू माणूस नव्हेस. म्हणून तुला सांगतो. तिला डॉक्टरकडे जायची बुद्धी दे!"

या वेळी फक्त जयाबेन म्हणाल्या. खणखणीत. "होय महाराजा!"

मग त्यांनाही आजूबाजूची शांतता कळली. "क्या हुआ?" त्यांनी रसिकाला हळूच विचारलं.

गिरिजाबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. "अहो," एवढंच त्या म्हणाल्या. नवऱ्याला मारावं की नमस्कार करावा हे न कळून त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. स्वयंपाकघराचं दार घर घेतल्यापासून कधी लागलं नव्हतं. त्याच्यामागे झाडू, पिशव्या आणि मोडकी इस्त्रीची फळी असे. ते सगळं एकेक करून बाहेर हॉलमध्ये आलं, आणि दाराला आतून कडी लागली.

महिपतरावांनी नारळ फोडला. पाणी भरपूर निघालं, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"बाबा! दिवाळीपासून?" निकेत ओरडला. "तीन महिने तुम्ही गप्प बसलात?"

"शपथ होती."

"मग आज?"

"आज मी देवीशी बोलत होतो. तुम्ही मध्ये ऐकलंत."

हरिश्चंद्र विम्याचा एजंट होता. त्याने कपाळाला हात लावला. "आईची मेडिक्लेम करू म्हणत होतो दोन वर्षं."

"तुम्ही अख्ख्या भाईंदरची केलीत," रसिका म्हणाली. "आता गप्प बसा."

आशा सोफ्यावर बसली होती. ती काही बोलत नव्हती, आणि हे इतकं नवीन होतं की सगळे तिच्याकडे बघू लागले. "मीच म्हणाले आईला," ती म्हणाली. "तुला काही होणार नाही म्हणून. तिने मला दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. मी म्हटलं, नक्की." आणि ती रडायला लागली. मग रडता रडताच तिने पर्समधून फोन काढला. रडताना फोन करायचं थांबवावं, असं आशाला कधी वाटलेलं नाही. तिने मंडळाच्या अध्यक्षबाईंकडून डॉक्टरणीचा नंबर घेतला, लावला, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"संचिता मॅडम, मी आशा. हळदीकुंकवाची. पाच मुलं झालेल्या बाईला गाठ आली तर ती साधीच असते ना?"

"असं कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. भाषणात."

"मी शेवटी नेमकं उलट सांगितलं होतं," फोनमधला आवाज म्हणाला. "मुलांमुळे धोका थोडा कमी होतो, संपत नाही. सर्वांत मोठा धोका बाई असण्याचा आणि वय वाढण्याचा. पाच मुलं असोत की एकही नसो, गाठ लागली की दाखवायची. तुम्ही तिथेच होतात ना?"

"मी समोसे..." आशा म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारामागून गिरिजाबाईंचा आवाज आला, "तिला विचार, तिला किती मुलं आहेत!"

"एक," फोनमधून उत्तर आलं. "पस्तिसाव्या वर्षी. आजींना घेऊन या उद्या. उशीर नको."

"ही तर काठावरसुद्धा नाही," रसिका दिव्याच्या कानात म्हणाली.

यानंतर दारापाशी एकेक जण जाऊन आला. निकेतने शपथ घातली. हरिश्चंद्राने आधी आईच्या तब्येतीबद्दल विचारलं आणि मग सांबारं लागत तर नाही ना, असं विचारलं. आतून त्याला उत्तर मिळालं नाही, पण गॅस बंद केल्याचा आवाज आला. आशा दाराला तोंड लावून म्हणाली, "आई, मी चुकले." आतून आवाज आला, "तुझं तू बघ." महिपतराव उठले, दारापर्यंत गेले आणि न बोलता परत येऊन बसले.

दिव्या सगळ्यांत शेवटी गेली. तिला स्वतःलाच कळत नव्हतं की आपण का जातोय. सकाळपासून तिच्याच पोटासाठी सगळे जमले होते आणि आता तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं. खरं म्हणजे तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

"आई," ती म्हणाली. "ताई म्हणतात खरा धोका मला आहे. तर मीच जाते उद्या दाखवायला. पण एकटी जाऊन बसायला मला कसंतरी वाटतं. सोबत याल का?"

 मग कडी निघाली. "तू एकटीच ये," गिरिजाबाई म्हणाल्या. दिव्या आत गेल्यावर त्यांनी परत कडी लावली.

त्या ओट्याला टेकून खाली बसल्या होत्या. समोर वड्यांचं पीठ फडक्याखाली झाकलेलं. दिव्याही बसली.

"मला सोबतीला नेतेस की मलाच नेतेस, ते कळतंय मला," गिरिजाबाई म्हणाल्या.

"मग आलात कशाला दार उघडायला?"

"तू खोटं तरी नीट बोललीस. बाकीचे नुसते ओरडतायत." त्यांनी पदराने नाक पुसलं. "यांनी अख्ख्या घरादारात, त्या जयाबेनच्या समोर... छातीचं नाव काढलं. देवीला तरी काय वाटलं असेल!"

"देवी बाईच आहे."

गिरिजाबाईंना हसू आलं, आणि ते त्यांना नको होतं. त्यांनी ते पदरात दाबलं. मग म्हणाल्या, "मला पटतच नाही गो. पाच पोरं प्याली माझी. घरात तांदूळ नसायचे तेव्हा ती याच्यावर जगली. जिथून पाच जीव वाढले तिथे असलं काही बसेल कसं? देवाला काही हिशेब नको?"

दिव्याने पिठावरचं फडकं सारखं केलं. मग ती म्हणाली, "मला मूल नाही म्हणून मला तो रोग होणार, हे मात्र तुम्हाला पटलं."

गिरिजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची त्यांची तयारी दिसत होती, पण त्या बोलल्या नाहीत. "पटलं," त्या म्हणाल्या. "कारण ते माझ्यावर येत नव्हतं."

बाहेर काहीतरी पडलं. हरिश्चंद्राने भुकेने फ्रिज उघडला असावा.

"कापतील का गं?" गिरिजाबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"मला माहीत नाही. विचारू उद्या."

"तू विचार. मला ते शब्द येत नाहीत." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "तेल तापव. माझा हरी भिंत खाईल आता."

सोमवारी निकेतने ऑफिस बुडवलं, दिव्याने रजा घेतली, आणि मीरा रोडला जायला दोन रिक्षा लागल्या. जयाबेन जिन्यापर्यंत आल्या आणि त्यांनी गिरिजाबाईंच्या हातात साखर ठेवली. संचिता मॅडमच्या दवाखान्यात इतकी माणसं एकदम शिरली, की बाहेरच्या मुलीला वाटलं कोणी भांडायला आलंय.

डॉक्टरणीने आत फक्त पेशंटला आणि सोबत एकाला बोलावलं. आशा उठली. महिपतराव उठले. गिरिजाबाई म्हणाल्या, "दिव्या येईल."

आशा परत खाली बसली. चिटणीस झाल्यापासून तिला असं बसायची वेळ आली नव्हती.

आत डॉक्टरणीने तपासलं आणि मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाळी कधी आली, कधी गेली, पहिलं मूल कितव्या वर्षी. गिरिजाबाई पाठ असल्यासारखी उत्तरं देत होत्या. "पाच बाळंतपणं," त्या म्हणाल्या, आणि आता तरी हिच्यावर परिणाम होईल म्हणून डॉक्टरणीच्या तोंडाकडे पाहिलं. डॉक्टरणीने नुसती मान हलवली.

"आणि मध्ये कधी पडलं होतं का?"

गिरिजाबाईंनी दाराकडे पाहिलं. "एक. शालूच्या आधी. यांना माहीत आहे, मुलांना नाही." शालू म्हणजे त्यांची चिपळूणला दिलेली मधली मुलगी. मग त्यांनीच विचारलं, "पडलेलं असेल तर ते वाईट का? म्हणजे एखाद्या बाईला मूल नाही, पण पडलं आहे. त्याने हा रोग जास्त होतो का?"

"नाही," डॉक्टरीण म्हणाली. "त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि मूल नसल्याने धोका वाढतो तोही थोडासाच. त्या भीतीने कोणी मुलाची घाई करू नये. उलट बाळंतपणानंतर काही वर्षं धोका किंचित वाढतोसुद्धा, आणि मग पुढे कमी होतो. इतकं सरळ नसतं ते."

"ऐकलंस?" गिरिजाबाई म्हणाल्या. दिव्याकडे न बघता.

दिव्याने ऐकलं. सासूला हे कधीपासून माहीत होतं, कशावरून कळलं, दोन वर्षं त्या का बोलल्या नाहीत, असं पुष्कळ विचारता आलं असतं. पण गिरिजाबाई ब्लाउजची बटणं लावत होत्या आणि त्यांच्या बोटांना वरचं बटण सापडत नव्हतं. दिव्याने ते लावलं.

मशीनवर छातीचे फोटो काढले, सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा घेतला. मग रिपोर्टची वाट बघण्यात आठवडा गेला. त्या आठवड्यात घरात इतकी शांतता होती, की खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन विचारलं. आशा रोज फोन करायची, आणि कोणाला काही शिकवायची नाही. त्याने गिरिजाबाईंना सगळ्यांत जास्त भीती वाटली. "माझं काही खरं नाही," त्या दिव्याला म्हणाल्या. "आशा माझं ऐकून घेतेय."

रिपोर्टच्या दिवशी परत सगळे गेले. या वेळी डॉक्टरणीने सगळ्यांना आत येऊ दिलं.

"कॅन्सर आहे," ती म्हणाली. "लहान आहे, पसरल्यासारखा दिसत नाही. ऑपरेशन करू. बहुतेक फक्त गाठीचा भाग काढावा लागेल. नंतर किरणांचा शेक आणि औषधं. वेळेत आलात."

 मग महिपतरावांनी विचारलं, "लहान म्हणजे केवढा? करवंदाएवढाच ना अजून?"

डॉक्टरीण पुण्याची होती. तिने करवंद मनात आणून पाहिलं. "मोठं करवंद," ती म्हणाली.

"जांभूळ नाही?"

"नाही."

महिपतरावांनी खुर्चीची पाठ धरली आणि ते बसले. गिरिजाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. गाऱ्हाण्याच्या दिवसापासून त्या नवऱ्याशी धड बोलल्या नव्हत्या. चहा द्यायच्या, पण कप जरा आपटून. "पाणी द्या कोणी यांना," त्या म्हणाल्या. "पेशंट मी आहे आणि बसले हे."

"आता दुसरं," डॉक्टरीण म्हणाली. "आईला झालं आहे, तेव्हा घरातल्या मुलींनी लक्ष द्यायला हवं. मुली कोण?"

रसिका आणि दिव्या दोघी घाबरून पुढे झाल्या. डॉक्टरीण म्हणाली, "तुम्ही सुना ना? या रक्ताशी तुमचा संबंध नाही. मी लेकींचं विचारतेय."

हे ऐकून काठावर पास झालेलीने नापास झालेलीकडे पाहिलं. आणि मग सगळ्यांनी आशाकडे पाहिलं.

आशा पर्स छातीशी धरून भिंतीला उभी होती. "मला तीन मुलं आहेत," ती म्हणाली. "पहिलं बाविसाव्या..." आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

"वय किती तुमचं?"

"एकोणपन्नास."

"कधी तपासणी केलीय?"

आशाने मंडळातर्फे शहरातल्या पुष्कळ बायकांना तपासणीला लावलं होतं. बॅनरवर तिचा फोटो होता. "मला वेळच..." ती म्हणाली. "करते ना. पुढच्या महिन्यात. आज मंडळाची मीटिंग आहे."

"आजच करून टाका. मशीन मोकळं आहे," डॉक्टरीण म्हणाली. "बहुतेकींचं काही निघत नाही. पण बघायला हवं."

"आज मी साडी नेसलेय. उद्या ड्रेस घालून येते. हरी, मला घरी सोड."

हरिश्चंद्र उठला नाही. एवढी वर्षं थोरल्या बहिणीचं ऐकलेला तो माणूस, तो आज खुर्चीत नीट रेलून बसला.

गिरिजाबाई उठल्या. त्यांनी आशाचं मनगट धरलं. ही पोर लहान असताना लस टोचायला नेली तेव्हा शाळेच्या मागच्या दगडी गडग्यावरून पळाली होती, आणि त्या पोटात हरी असताना तिच्यामागे धावल्या होत्या. आता धावायची ताकद नव्हती. पण धरलेलं सुटत नव्हतं.

"आई, हात दुखतोय."

"चल."

"आई, तुझंच एवढं... आधी तुझं बघू दे ना आम्हाला. माझं कशाला मध्ये?"

"माझं काय ते कळलं. आता तुझं कळू दे. शालूलाही मी रात्री फोन करते." त्यांनी तिच्या हातातली पर्स काढून घेतली आणि दिव्याकडे दिली. "दिव्या, हिच्यासोबत जा आत. तुला माहीत आहे कुठे काय काढून ठेवायचं."

दिव्याने पर्स काखेला लावली. "या ताई," ती म्हणाली. "केस बांधा. त्या मशीनला मोकळे केस नकोत."

रसिकाला हसू आवरेना, म्हणून ती पाणी आणायला बाहेर गेली.

मशीनच्या खोलीचं दार अर्धं लागलं. बाहेरच्या बाकावर गिरिजाबाई आणि महिपतराव शेजारी शेजारी बसले. आतून आधी दिव्याचा आवाज आला, मग तिथल्या मुलीचा, मग बांगड्या काढल्याचा. 

"आई?" आशाने आतून हाक मारली. मंडळातला आवाज नव्हता तो. गिरिजाबाईंना तो आवाज पुष्कळ वर्षांत ऐकू आला नव्हता.

"काय गो?"

"तू आहेस ना बाहेर?"

"आहे."

"जाऊ नकोस हं."

गिरिजाबाईंनी डाव्या हाताने पदर सारखा केला. महिपतराव समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"नाही जात," त्या म्हणाल्या. "तू हलू नकोस. फोटो बिघडेल."